कॉकटीलची घरातली वीण

कॉकटील हा काकाकुव्यांच्या कुळातला सगळ्यात छोटा पक्षी. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत तो ३० ते ३३ सेंटिमीटर भरतो, पण त्यातली निम्मी लांबी एकट्या शेपटीची; वजन ८० ते १०० ग्रॅम. डोक्यावरचा तुरा त्याच्या मनाची खबर देतो. दचकला की तुरा ताठ, निवांत असला की मागे ओणवलेला, चिडला की डोक्याला चिकटलेला. महाराष्ट्रातल्या पाखरांच्या दुकानांत त्याचे नाव सर्रास ‘कॉकटेल’ असे घेतले जाते, आणि ते दुरुस्त करण्याच्या भानगडीत तिथे कोणी पडत नाही. शास्त्रीय नाव निम्फिकस हॉलंडिकस. ऑस्ट्रेलियाला पूर्वी ‘न्यू हॉलंड’ म्हणत, त्यावरून त्यातला दुसरा शब्द आला.

या पक्ष्याचे मूळ घर म्हणजे ऑस्ट्रेलियाचा कोरडा अंतर्भाग. तिथला पाऊस लहरी. तो पडला, गवतात दाणा भरला, पाणवठ्यांना पाणी आले की कॉकटीलचे थवे तिकडे उतरतात आणि पाण्याजवळच्या निलगिरीच्या ढोल्यांत अंडी घालतात. मुबलक दाणा, लांब दिवस, जवळ पाणी आणि एक अंधारी ढोली एवढे जुळून आले की त्यांचे शरीर विणीला लागते. पाऊस सरला की वीणही सरते. घरात मात्र वाटी रोज भरलेली असते, ट्यूबलाइट रात्री अकरापर्यंत चालू असते आणि लाकडी पेटी बाराही महिने पिंजऱ्याला लटकलेली असते. पक्ष्याच्या हिशेबाने पाऊस थांबतच नाही. म्हणून कॉकटीलची जोडी घरात लावणे फारसे अवघड नसते. तिला वेळेवर थांबवणे आणि मधल्या काळात तिच्या कामात हात न घालणे, पाळणाऱ्याचा कस लागतो तो इथे.

ऑस्ट्रेलियाने आपल्या पक्ष्यांची व्यापारी निर्यात १९६०च्या सुमारास बंद केली. आज जगभरच्या पिंजऱ्यांत दिसणारे कॉकटील हे पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेल्या पक्ष्यांचे वंशज आहेत. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर अंकुश ठेवणाऱ्या ‘साइटीस’ कराराच्या याद्यांत पोपटवर्गातल्या जवळपास सगळ्या जाती आहेत. कॉकटील हा मोजक्या अपवादांपैकी एक. भारतात देशी पोपट पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा ठरते, मग घरातला मिठू कितीही वर्षे ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणत असो. कॉकटीलला ही बंदी नाही. विक्रीचा धंदा करायचा असेल तर २०१८च्या पाळीव प्राणी दुकान नियमांखाली राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते.

जोडी लावताना पहिली फसगत होते ती नर-मादी ओळखण्यात. मूळ राखाडी रंगाच्या, म्हणजे बाजारातल्या ‘ग्रे’ पक्ष्यात काम सोपे आहे. पूर्ण वाढलेल्या नराचा चेहरा लख्ख पिवळा असतो आणि गालावरचा नारिंगी टिळा ठसठशीत. मादीचा चेहरा राखाडीच राहतो, टिळा फिका. शेपटी खालून पाहिली तर पिवळट आडव्या रेघा दिसतात आणि पंखाखाली फिकट ठिपके. गोची अशी की पहिल्यांदा पिसे झडेपर्यंत, म्हणजे साधारण सहा ते नऊ महिन्यांपर्यंत, सगळी पिल्ले मादीसारखीच दिसतात. त्यामुळे चार महिन्यांची ‘पक्की जोडी’ म्हणून घेतलेले दोन पक्षी पुढे दोन नर निघाले, तर त्यात नवल नाही. दोन माद्या निघाल्या तर गोंधळ आणखी वाढतो, कारण माद्या नराविनाही अंडी घालतात. एका पेटीत दहा-बारा अंडी साठतात आणि एकही फुटत नाही.

आवाजावरून बराच अंदाज येतो. तरुण नर शिट्ट्या घालतो, सुरावटी उचलतो, चोचीने लाकडावर टकटक करतो आणि आरशासमोर रमतो. मादी सहसा एकसुरी ओरडते. पण काही माद्याही शिट्टी घालतात आणि काही नर मुखदुर्बळ निघतात. पाइड म्हणजे ठिगळ्या रंगाच्या पक्ष्यांत तर नुसत्या नजरेने लिंग सांगताच येत नाही. अशा वेळी उपटलेली दोन-चार पिसे प्रयोगशाळेत पाठवून डीएनए चाचणी करणे हा एकच भरवशाचा मार्ग उरतो.

नर साधारण वर्षाचा झाला की सक्षम होतो. मादी त्याच सुमारास अंडी घालू शकते, पण घालू शकते म्हणून घालू द्यावी असे नाही. दीड वर्षाच्या आतल्या मादीचे हाडपेर पुरते भरलेले नसते. अंडे अडकण्याचा धोका तिला जास्त. एकाच घरट्यातली भावंडे जोडीला लावणे हा दुकानातून ‘जोडी’ उचलण्याचा नेहमीचा परिणाम. तो टाळायचा तर नर आणि मादी दोन वेगळ्या ठिकाणांहून घ्यावेत. नवा पक्षी आणल्यावर महिनाभर दुसऱ्या खोलीत ठेवावा. पोपटवर्गात सिटॅकोसिस नावाचा जिवाणूजन्य आजार असतो. तो माणसालाही होतो आणि न्यूमोनियासारखा त्रास देतो. शिवाय कॉकटीलच्या अंगावरून सतत पांढरी भुकटी झडत असते. घरात कोणाला दमा असेल तर वीण वाढवण्याआधी याचा विचार व्हावा.

रंगांचे शास्त्र मोठे गमतीचे आहे, आणि घरच्या घरी आनुवंशिकता शिकायला याहून चांगले साधन नाही. पिंजऱ्यातल्या कॉकटीलमध्ये पहिला वेगळा रंग नोंदला गेला तो पाइड, १९४९मध्ये कॅलिफोर्नियात. १९५८मध्ये फ्लोरिडात ल्युटिनो आला: अंग पांढरे-पिवळट, डोळे लाल, गालाचा टिळा तसाच. १९६७मध्ये पश्चिम जर्मनीत पर्ल आला. त्याच्या प्रत्येक पिसाच्या मध्यभागी फिका ठिपका असतो आणि सगळी पाठ खवल्यांनी विणल्यासारखी दिसते. यांतले ल्युटिनो, पर्ल आणि दालचिनी रंगाचा सिनॅमन हे लिंगसंलग्न गुण आहेत, म्हणजे ते झेड या लिंग गुणसूत्रावर बसलेले असतात. माणसात दोन वेगळी लिंग गुणसूत्रे पुरुषाकडे असतात. पक्ष्यांत ती मादीकडे. मादीकडे झेड एकच असते आणि ते तिला बापाकडून मिळते.

यातून मजेदार निकाल लागतात. ल्युटिनो नर आणि ग्रे मादी अशी जोडी लावली तर सगळ्या लेकी ल्युटिनो आणि सगळे लेक ग्रे निघतात. म्हणजे पिल्लू अजून डोळे मिटून पडलेले असतानाच, पापणीआडून डोळा लाल झळकतो की काळा यावरून नर-मादी सांगता येते. जोडी उलटी लावली, नर ग्रे आणि मादी ल्युटिनो, तर एकही पिल्लू ल्युटिनो होत नाही. मात्र लेकांच्या अंगात तो गुण लपून राहतो. अशा नराला पाळणारे ‘स्प्लिट’ म्हणतात. पाइड आणि पांढऱ्या चेहऱ्याचा व्हाइटफेस यांचा लिंगाशी संबंध नाही. तिथे गुण दोन्ही पालकांकडून यावा लागतो. पर्लचा मोह ज्यांना पडतो त्यांची निराशा ठरलेली असते, कारण पर्ल नराची ही नक्षी पहिल्यांदा पिसे झडल्यावर बहुतेक पुसली जाते आणि तो साध्या ग्रेसारखा दिसू लागतो. मादीची नक्षी टिकते. ल्युटिनोवर ल्युटिनो लावत राहिले की तुऱ्यामागे टक्कल पडते. बाजारात अशी टकली पाखरे पुष्कळ दिसतात; रंगाच्या हव्यासाची ती सरळ खूण.

जोडीला किमान तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पिंजरा लागतो, गजांत अर्ध्या इंचाहून फार जास्त फट नको. अंड्यासाठी बजरीगरला मडके चालते. कॉकटीलला लाकडी पेटी हवी, साधारण ३० सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंचीची. वरच्या अंगाला सहा-सात सेंटिमीटरचे गोल भोक आणि बाजूला पाहणीसाठी झडप. तळाशी पाइन लाकडाच्या सालपटांचा दोन इंच थर द्यावा म्हणजे अंडी घरंगळत नाहीत. सुताराच्या दुकानातला भुसा फुकट मिळतो, पण त्यात प्लायवूडचा गोंद आणि वाळवीचे औषध मिसळलेले असते, आणि बारीक भुसा पिल्लांच्या नाकात जातो. पेटी पिंजऱ्याच्या बाहेरून टांगली की पाहणी सोपी होते आणि आतली जागाही वाचते.

पिंजरा कुठे ठेवावा यापेक्षा कुठे ठेवू नये हे सांगणे सोपे. स्वयंपाकघर वर्ज्य, कारण नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या लेपातून निघणारा वायू पक्ष्यांना काही मिनिटांत मारतो. माणसाला त्याचा वाससुद्धा येत नाही. देवघराजवळ धूप-उदबत्तीचा धूर, झोपण्याच्या खोलीत डासांची कॉइल, दोन्ही वाईट. पावसाळ्यात मुंग्यांची रांग थेट पेटीत शिरते आणि नुकत्याच फुटलेल्या पिल्लाला सोडत नाही. पिंजऱ्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवणे हा दुधाच्या पातेल्याला आजी करायची तोच उपाय इथेही चालतो. रात्री मिट्ट अंधार करू नये. कॉकटील अंधारात दचकण्यासाठी प्रसिद्ध आहेत. भिंतीवरून पाल सरकली, रस्त्यावर हॉर्न वाजला की जोडी पिंजऱ्यात सैरावैरा आपटते, पंख रक्ताळतात, पेटीतली अंडी तुडवली जातात. झीरोचा एक दिवा पुरतो. दिवाळीच्या आठवड्यात अंडी पेटीत असतील असा हिशेब लावू नये.

विणीचा काळ ऋतू बघून ठरवावा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. बंद पेटीत त्याहून जास्त. पंख अंगापासून सुटे धरून चोच उघडी ठेवून धापा टाकणारा पक्षी उन्हाने हैराण झालेला असतो, अशा महिन्यांत पेटी लावूच नये. कोकणात पावसाळ्यात उलटी अडचण: हवेतल्या ओलीने दाण्याला बुरशी चढते, आणि बुरशीचे विष पाखराच्या यकृतावर बसते. पावसाचा जोर ओसरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ बहुतेक ठिकाणी सोयीचा.

पेटी लावण्याआधी महिनाभर खुराक सुधारावा. राळा, बाजरी, कॅनरी सीड आणि थोडी करडई हा पाया. राळ्याला पाखरांच्या दुकानात कांगणी म्हणतात. सूर्यफुलाच्या बिया पाखरांना फार आवडतात, म्हणूनच त्या मोजून द्याव्यात. त्यात तेल फार असते. नुसत्या दाण्यावर वीण नीट होत नाही. बाजरी-राळ्यात प्रथिने दहा-बारा टक्क्यांच्या आसपास असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत १९८०च्या दशकात कॉकटीलवर पोषणाचे प्रयोग झाले. वाढत्या पिल्लांच्या अन्नात सुमारे २० टक्के प्रथिने असताना त्यांची वाढ सर्वांत चांगली झाली. ही तूट मराठी स्वयंपाकघर सहज भरून काढते: मोड आलेले मूग आणि मटकी, कवचासकट कुस्करलेले उकडलेले अंडे, मक्याचे कोवळे कणीस, मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर. मोडांचा आंबूस वास येऊ लागला की ते लगेच फेकावेत. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी आणि खारवलेले फरसाण पाखराच्या जवळही नको.

कॅल्शियमकडे वेगळे लक्ष हवे. अंड्याचे कवच तयार होते ते मादीच्या रक्तातल्या आणि हाडांतल्या कॅल्शियममधून; एका दिवसाआड एक या वेगाने पाच अंडी घालायची म्हणजे हाडांची तिजोरी रिकामी होते. म्हाकुळाचे कवच म्हणजे समुद्रफेण पिंजऱ्याला अडकवून ठेवावे. अंड्यावर आलेली मादी ते कुरतडत बसते. पण नुसते कॅल्शियम पोटात जाऊन भागत नाही. ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागते आणि त्यासाठी कोवळे ऊन. काचेच्या तावदानातून येणाऱ्या उन्हात हवे ते किरण जवळपास नसतात. गॅलरीत सकाळी अर्धा तास, निम्मा पिंजरा सावलीत, हे उत्तम.

पेटी लागली की नराचा नूर पालटतो. तो खांद्यापासून पंख किंचित उचलून पाठीवर बदामाचा आकार करतो आणि दांडीवरून तोऱ्यात येरझाऱ्या घालत शिट्ट्यांचा सपाटा लावतो. आधी पेटीच्या भोकात डोके घालतो, पाहणी करतो, बाहेर येऊन मादीला बोलावतो. दोघे मिळून भोकाची कड कुरतडतात. मादी दांडीवर आडवी होऊन शेपटी उचलते आणि बारीक चिवचिव करते, तेव्हा समागम होतो. तो मिनिटभर चालतो, कधी त्याहूनही जास्त. त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत पहिले अंडे दिसते. त्याआधी दोन दिवस मादीची विष्ठा मोठी आणि दुर्गंधीयुक्त होते, शेपटीच्या मुळाशी पोट फुगीर दिसते.

अंडे पांढरे, जेमतेम एक इंच लांब. एका विणीत चार ते सात अंडी असतात, बहुधा पाच. पहिल्या अंड्यावर जोडी अनेकदा बसतच नाही. दोन-तीन झाली की उबवणी नेटाने सुरू होते. नवशिक्याला वाटते पहिले अंडे गार पडून वाया गेले. तसे नसते, ऊब मिळेपर्यंत गर्भ थांबून राहतो. उबवण्याचे काम दोघे वाटून घेतात, बहुधा दिवसाची पाळी नराची आणि रात्रीची मादीची. पोपटवर्गात नराने अंड्यावर बसणे दुर्मीळ, काकाकुव्यांच्या कुळात मात्र ही रीत आहे.

अंडे जिवंत आहे का, हे पाहायला सहाव्या-सातव्या दिवशी मोबाइलचा टॉर्च पुरतो. पाखरू खायला बाहेर आले असताना खोलीत अंधार करून, अंडे न हलवता, प्रकाश त्याच्या जाड टोकाशी टेकवायचा. वांझ अंडे पिवळसर, स्वच्छ, कंदिलासारखे उजळते. जिवंत अंड्यात मध्यावर एक लाल ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या तांबड्या शिरा दिसतात. नजर तीक्ष्ण असेल तर त्या ठिपक्याची धडधडही. पुढच्या आठवड्यात अंडे काळवंडत जाते आणि जाड टोकाची हवेची पोकळी मोठी होते. ही पाहणी एकदा, फार तर दोनदा करावी. दर दोन तासांनी झडप उघडणाऱ्याच्या घरी जोडी अंडी सोडून बसते. वांझ अंडी दिसली तरी लगेच काढू नयेत, कारण अंडे गेले की मादी त्याची भरपाई करायला नवे घालते.

मादी अंग फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली आहे, शेपटी वरखाली हलते आहे, जोर करते आहे आणि अंडे येत नाही, तर ते अंडे अडकल्याचे लक्षण. यात तास मोजले जातात. तिला ३० अंशांच्या आसपास ऊब द्यावी, हवेत ओल राहील असे पाहावे आणि पाखरांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे. तेल लावून पोट दाबण्याचा ऐकीव उपाय सांगणारे बरेच भेटतात. अंडे आत फुटले तर मादी हातची जाते.

उबवणीचे १८ ते २१ दिवस भरले की अंड्याला बारीक चीर जाते. तिथून पिल्लू बाहेर यायला एक दिवस, कधी दोन लागतात. या वेळात कवच नखाने सोलून ‘मदत’ करण्याची ऊर्मी आवरावी. आतल्या पापुद्र्यातल्या शिरांचे रक्त आणि बलकाचा शेवटचा अंश पिल्लाच्या पोटात ओढला जात असतो. कवच लवकर सोलले की ते रक्तस्रावाने मरते. मादी पाण्यात अंग भिजवून पेटीत जाते आणि ओल राखते, म्हणून या दिवसांत पिंजऱ्यात पसरट भांडेभर पाणी ठेवलेले बरे.

नवे पिल्लू चार-पाच ग्रॅमचे, डोळे मिटलेले, पिवळ्या लवेचे. व्हाइटफेसच्या पिल्लाची लव पांढरी असते. मान उचलवत नाही, तरी तोंड उघडून मागते. नर किंवा मादी त्याची चोच आपल्या चोचीत आडवी धरते आणि दोघांची डोकी यंत्रासारखी वरखाली हलू लागतात. त्या वेळी पिल्लाच्या नरड्यातून येणारा घरघरीचा आवाज बंद पेटीबाहेर दुसऱ्या खोलीत ऐकू जातो. खाऊन झाले की गळ्याखालची अन्नपिशवी, जिला पाळणारे क्रॉप म्हणतात, टच्च फुगते. कातडी इतकी पातळ की आतले राळ्याचे दाणे दिसतात. सकाळी ती पिशवी रिकामी आणि संध्याकाळी भरलेली असेल तर सगळे ठीक चालले आहे, बाकी काही पाहायची गरज नाही.

अंडी एकाच दिवशी घातलेली नसल्यामुळे पिल्लांच्या वयात फरक पडतो. सर्वांत मोठे डोळे उघडून बसलेले असते तेव्हा धाकटे नुकतेच अंड्यातून निघालेले असते आणि मागण्याच्या स्पर्धेत हरते. अशा वेळी धाकट्याला रोज चिमटीत घेऊन वजन करावे. दोन दिवस वजन वाढले नाही तर त्याला हाताने पूरक भरवावे. नवव्या दिवसाच्या आसपास डोळे उघडतात आणि पिसांच्या काड्या दिसू लागतात. ज्यांना पायात बंद कडी घालायची असते त्यांना हीच वेळ साधावी लागते. कडीचा आतला व्यास साडेपाच मिलिमीटरच्या आसपास, आणि तीन दिवस उशीर झाला तर ती पायात जातच नाही. या वयाच्या पिल्लांच्या पेटीत हात घातला की ती डुलत डुलत सापासारखी फुत्कारतात. ढोलीत शिरणाऱ्या शत्रूला घाबरवायची ती युक्ती आहे, आणि नवख्या माणसावरही ती चांगली चालते.

घरच्या विणीत सर्वांत जास्त पिल्ले मरतात ती हाताने भरवण्याच्या हौसेपायी. माणसाळलेल्या पिल्लाला भाव चांगला मिळतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांची पिल्ले आईबापांपासून काढून सिरिंजने खिमट भरवतात. खिमट ३९ ते ४१ अंशांचे हवे. त्याहून गार असेल तर अन्नपिशवीत साचून आंबते. फार गरम असेल तर पिशवी भाजते आणि चार दिवसांनी गळ्याला भोक पडते. मायक्रोवेव्हमध्ये तापवले तर एका घासात गार आणि दुसऱ्यात चटका. सिरिंज चुकीच्या बाजूला गेली तर अन्न थेट श्वासनलिकेत. हे काम शिकायचे तर जाणत्याच्या हाताखाली बसून शिकावे, चित्रफीत पाहून नव्हे.

त्यातही ही हौस पुढच्या विणीला महागात पडू शकते. १९८८मध्ये ‘द ऑक’ या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात डेव्हिसच्याच संशोधकांचा अभ्यास छापून आला. हाताने वाढवलेल्या आणि आईबापांनी वाढवलेल्या कॉकटीलच्या जोड्या लावून त्यांनी तुलना केली. हाताने वाढवलेल्या माद्यांनी अंडी जास्त घातली, पण बऱ्याचदा पेटीऐवजी पिंजऱ्याच्या तळावर. आणि हाताने वाढवलेला नर जोडीत असला तर फळती अंडी मिळण्याचे प्रमाण घटले. मधला मार्ग साधा आहे. पिल्ले आईबापांकडेच ठेवायची आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून रोज दहा-पंधरा मिनिटे हातात, मांडीवर घ्यायची. ती माणसाला सरावतात, आणि कॉकटील कसे व्हायचे हेही शिकतात. सरावलेली जोडी याला फारशी हरकत घेत नाही.

महिन्या-सव्वा महिन्यात पिल्ले पेटीतून उतरतात, भरल्या अंगाची, पण उडण्यात अडाणी. भिंतींवर आपटतात, पंख्याचे भय असतेच, म्हणून त्या दिवसांत खोलीतला पंखा बंद. स्वतः खायला शिकायला आणखी महिनाभर जातो. पाळणारे ‘सेल्फ झाले’ म्हणतात ते साधारण सात ते दहा आठवड्यांचे. दाणा चोचीत घोळवणे आणि दाणा सोलून गिळणे यात फरक आहे. खाली टरफले दिसतात म्हणून पिल्लू खाते आहे असे समजून आईबापांपासून लवकर तोडलेली पिल्ले उपाशी राहतात. सकाळी उठल्याबरोबर पिशवी चाचपून पाहावी आणि तीन-चार दिवस वजन टिकले तरच ते दुसऱ्या घरी द्यावे.

एवढ्यात बहुधा दुसरी वीण सुरू झालेली असते. पहिली पिल्ले पेटीतच असताना मादी नवी अंडी घालते, आणि नव्या विणीची घाई झालेला बाप पिल्लांच्या पाठीची पिसे उपटून त्यांना हाकलू लागतो. अशा पिल्लांना शेजारी जाळीआड ठेवावे, म्हणजे जाळीतून त्यांना भरवतो पण उपटू शकत नाही. वर्षात दोन विणी पुरेत. दुसरी पिल्ले उतरली की त्याच दिवशी पेटी काढून, धुऊन, उन्हात वाळवून माळ्यावर टाकावी. अंडे आणि मोड बंद, खुराक साधा, दिवस दहा तासांचा. संध्याकाळी सातला पिंजऱ्यावर चादर. पिंजऱ्यातले कोनाडे, खोके, कापडाची झोपडी काढून घ्यावी आणि पिंजऱ्याची जागा बदलावी. तरीही काही माद्या हट्टाने दाण्याच्या वाटीत अंडे घालतात. ते उचलून फेकले की परवा दुसरे येते. त्यापेक्षा ती अंडी उकडून गार करून तिथेच परत ठेवावीत किंवा प्लास्टिकची खोटी अंडी ठेवावीत. मादी तीन आठवडे त्यावर बसते, कंटाळते आणि एके दिवशी त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता दांडीवर जाऊन पिसे साफ करू लागते.